चालू भट्टीचं कार्ड

एकोणीसशे चौऱ्याण्णव सालचा मार्गशीर्ष. सकाळची पाळी नुकतीच बसली होती, चहाचे पेले अजून टेबलावरच होते, आणि सानप नाना कंट्रोल रूमच्या मागच्या कपाटाचं दार उघडून आत वाकून बघत होते.

"ताई, जरा या. हे पुन्हा डोळा मारायला लागलं."

मी जाऊन बघितलं. एका कार्डावरचा हिरवा दिवा लाल होत होता, पुन्हा हिरवा होत होता, परत लाल.

"कधीपासून?"

"मी आलो तेव्हा चालूच होतं. रातपाळीवाला बोलला नाही. जाता जाता कशाला कटकट, म्हणला असंल."

सिन्नरच्या माळावर आमचा बाटल्यांचा कारखाना होता. औषधाच्या बाटल्या, सरबताच्या, लोणच्याच्या बरण्या. मी तिथं इन्स्ट्रुमेंट विभागात इंजिनियर होते, आणि नाना कंट्रोल रूममध्ये पॅनलवर बसायचे. त्या कपाटात फळीवर पुस्तकं उभी लावावीत तशी कार्डं लावलेली होती. एकेका कार्डाला एकेक काम. कुणी भट्टीची आच मोजायचं, कुणी वारा सोडायचं. डोळा मारणारं कार्ड भट्टीला जाणाऱ्या तेलाचा वॉल्व उघडझाप करणारं होतं. ते मेलं की तेल बंद, तेल बंद की आग बंद. आणि काचेची भट्टी एकदा पेटली की वर्षानुवर्षं विझवत नाहीत. आत काच गोठली तर भट्टी फोडूनच काढावी लागते.

"आज बदलायचं," मी म्हटलं. "नवं कार्ड आलेलं आहे. भट्टी चालू ठेवूनच बदलू."

"बदला की. तुम्ही काढा, तुम्ही घाला, मी इथं काटा बघतो." नानांनी टोपी सारखी केली. "पण खाली हातानं वॉल्व कोण धरणार? ते?"

'ते' म्हणजे घुगे तात्या. भट्टीवरचे मुख्य कामगार, निळ्या काचेतून ज्योत बघून आत काय चाललंय ते सांगणारे. आणि सानप नानांचे सख्खे व्याही. तात्यांची रंजना नानांच्या थोरल्याला दिलेली होती. लग्नाला दीड वर्ष झालं होतं आणि दोघा व्याह्यांच्या अबोल्यालाही तेवढंच.

कारखान्यात सगळ्यांना ते पाठ होतं. खालून भट्टीवरून फोन यायचा तो रज्जाकचा. रज्जाक मुलाणी आमचा फिटर, तात्यांच्याच वयाचा. तो फोनवर म्हणायचा, "नाना, तात्या विचारतायत वारा किती आहे." नाना म्हणायचे, "त्यांना सांग, आहे तेवढा पुरेसा आहे." रज्जाक तो निरोप तात्यांच्या तोंडासमोर तोंड नेऊन ओरडायचा, कारण खाली बाटल्यांच्या मशीनचा आवाज असा, की शेजारी ढोल वाजला तरी कळू नये. असा एकेक निरोप रज्जाकच्या तोंडून जायचा आणि यायचा. पाळी बदलताना व्याही समोरासमोर आले, की एकजण भिंतीवरचा पंखा बघायचा आणि दुसरा आपल्या चपला.

झालं होतं ते लग्नाच्या मांडवात. नानांची थोरली बहीण, वय झालेली, पंगतीत तिला पाट मिळाला नाही. नानांनी व्याह्याला हाक मारली. एक, दोन, तीन. तात्या बुंदीचं ताट घेऊन पाच हातांवरून चालले होते. त्यांनी मान वळवली नाही. तसेच पुढं गेले.

"भर मांडवात," नाना सांगायचे. "माझी बहीण उभी, पाहुणे बघतायत, आणि हा मनुष्य मला माशी हाकलावी तसा हाकलतो. मुलीचा बाप असून इतका ताठा?"

मी म्हणायचे, "अहो, गडबडीत ऐकलं नसेल."

"तीन हाका? माझा आवाज तुम्हाला माहीत नाही का? पलीकडच्या गावचं कुत्रं उठतं."

हे सगळं एरवी हसण्यावारी गेलं असतं. पण त्या मार्गशीर्षात रंजूला सातवा महिना सरत आला होता. पहिली खेप माहेरी, ही आमच्याकडची रीत. नानांची एकच अट. बापानं स्वतः दारात यावं आणि तोंडानं म्हणावं, 'मुलीला पाठवा.' तात्यांनी आधी बायकोला पाठवलं, मग मेहुण्याला साडी-खण देऊन पाठवलं. नानांनी चहा पाजून दोघांनाही परत पाठवलं. "त्यांना जीभ आहे ना? मग ती काय गहाण टाकलीय?"

रंजूला मी लहानपणापासून ओळखायचे. माझ्याकडे गणित शिकायला यायची. आदल्या रविवारी ती मेथीचे लाडू घेऊन आली आणि माझ्या पलंगावर टेकून बसली.

"मावशी, सासरी काही उणं नाही हो. सासूबाई मला तांब्यासुद्धा उचलू देत नाहीत. मामंजी तर रोज काहीतरी खायला आणतात. पण आई जवळ असावी वाटतं. मला भीती वाटते."

"तुझ्या बाबांना म्हण ना, जाऊन बोला."

"म्हटलं. ते नुसते माझ्याकडे बघत राहतात. मग म्हणतात, नाही जमायचं बाई." तिनं डोळे पुसले. "आता आठवा लागला की प्रवास नको म्हणतील. मग राहिलंच."

तिचं माहेर म्हणजे कारखान्याच्या पलीकडचं गाव, बैलगाडीनंही सकाळच्या उन्हात पोचावं इतकं जवळ. पण बापाचा एक शब्द मधे पडलेला होता.

मीही तात्यांशी बोलून बघितलं होतं. तात्या मोठा गोड माणूस. कुणी बोलायला लागलं की हातातलं काम ठेवून त्याच्या तोंडाकडे एकटक बघत ऐकायचे. मला तो त्यांचा आदर वाटायचा. मी म्हटलं, "तात्या, मुलीसाठी एवढं करा." त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि इतकंच म्हणाले, "ताई, माझा ताठा नाही. पण तिथं चारचौघांत बसून बोलणं होणार नाही माझ्याच्यानं." मला रागच आला होता त्यांचा.

तर त्या सकाळी कार्ड बदलायचं ठरलं आणि मला एक युक्ती सुचली. दोघांना एकमेकांशी बोलावंच लागेल अशी.

काम असं होतं. कार्ड काढलं की वॉल्वला हुकूम देणारं कुणी उरत नाही. म्हणून तेवढ्यापुरतं तेल दुसऱ्या, बाजूच्या नळीनं सोडायचं आणि त्या नळीवरचा वॉल्व माणसानं हातानं धरायचा. तेल किती चाललंय त्याचा काटा मात्र वर, नानांच्या पॅनलवर. म्हणजे वरच्यानं काटा बघून सांगायचं, खालच्यानं चाक फिरवायचं. भट्टीतली आग दर वीसेक मिनिटांनी बाजू पालटते, एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून. एक पालट झाली की पुढची व्हायच्या आत कार्ड बसलं पाहिजे.

मी रज्जाकला म्हटलं, "तू वर थांब माझ्याजवळ. कार्ड खालच्या ओळीत आहे, वायरींचा झुबका कुणीतरी बाजूला धरायला हवा."

रज्जाकचा चेहरा पडला. "मॅडम, वायरी बांधून ठेवू. मला खालीच असू द्या."

"कशाला? तात्यांना वॉकीटॉकी दे. नाना थेट त्यांना सांगतील."

"तसं नको, मॅडम."

"तूच लाडावून ठेवलंयस दोघांना. किती दिवस निरोप्या होणार त्यांचा?"

 आम्ही दोघं खाली गेलो. तात्या घाम पुसत उभे होते. मी वॉकीटॉकी पुढं केली आणि सगळं समजावून सांगितलं. ते माझ्या ओठांकडे बघत होते.

"रज्जाक?" त्यांनी विचारलं.

"तो माझ्याबरोबर वर."

तात्यांनी रज्जाककडे बघितलं. रज्जाकनं खांदे पाडले. तात्यांनी वॉकीटॉकी घेतली, उलटसुलट करून पाहिली आणि मान डोलावली.

आग पालटली. नानांनी पॅनलवर बटण दाबून वॉल्व स्वयंचलितावरून काढला. तात्यांनी खाली बाजूची नळी उघडली, नेहमीची बंद केली. मी मनगटाला जमिनीशी जोडलेला पट्टा बांधून कपाटासमोर बसले, कारण अंगातली वीज चुकून कार्डाला लागली तरी ते खलास. रज्जाकनं वायरी बाजूला धरल्या.

"नाना, काढू?"

"काढा."

मी दोन्ही खिट्ट्या उचलल्या आणि कार्ड ओढून घेतलं. त्या जागी काळी फट दिसायला लागली. नवं कार्ड उचललं, त्याच्या पाठीवरची बारीक बटणं जुन्यासारखी लावलेली आहेत ना ते पुन्हा बघितलं.

"तेल उतरतंय," नाना म्हणाले.

त्या बाजूच्या नळीतून कित्येक महिने तेल गेलेलं नव्हतं. थंडीनं ते आत काकवीसारखं घट्ट झालं होतं. ते पुढं सरकेना म्हणून काटा खाली आला. ज्योत आखूड झालेली तात्यांनी आपली आपणच पाहिली असावी, त्यांनी चाक जास्त उघडलं. काटा थांबला. आणि मग घट्ट तेलाचा बोळा सुटून मागचं गरम, पातळ तेल धावत आलं.

"चढलं," नाना म्हणाले. "फार चढलं."

"सांगा ना खाली. कमी करायला सांगा."

नानांनी वॉकीटॉकी हातात घेतली. मी पाठमोरी होते, पण त्यांची पंचाईत मला पाठीतूनही कळली. दीड वर्षानं पहिला शब्द, आणि सुरुवात कशानं करायची?

"खालचे," ते म्हणाले. "अहो, खालचे. तेल कमी करा."

काही उत्तर नाही.

"घुगे. कमी करा जरा."

काही नाही.

मी कार्ड खाचेत घातलं आणि दाबलं. ते शेवटच्या बोटभर जागेत अडकलं. जोर लावला तर आतल्या सुया वाकतील, म्हणून काढून पुन्हा सरळ धरलं.

"व्याही." नानांचा आवाज चढला. "अहो व्याही, कमी करा. कमान तापतेय."

भट्टीची कमान विटांची असते. आग जास्त झाली की वीटच वितळून काचेत ठिबकायला लागते. कमी करायला जावं आणि एकदम जास्त दाबलं गेलं, तर ज्योतच जाते. म्हणून तर काटा बघणारा हवा.

तेवढ्यात वॉकीटॉकी खरखरली. तात्यांचा आवाज आला, अगदी शांत.

"बोला व्याही. काटा किती?"

"कमी करा म्हणतोय ना. अर्धा फेरा. अर्धा."

थोडा वेळ गेला. पुन्हा खरखर.

"बोला, व्याही. मी ऐकतोय. बोला."

"बघा ताई," नाना किंचाळलेच. "थट्टा चाललीय माझी. भट्टी गेली तरी चालंल, पण माझा शब्द ऐकायचा नाही."

"बटण दाबून धरलं असेल त्यांनी," मी म्हटलं. "त्यामुळं आपलं जात नसेल."

"बटणाचं नाही," रज्जाक म्हणाला.

वायरी धरून तो माझ्या शेजारी उकिडवा बसला होता. मानही वर न करता म्हणाला, "नाना, त्यांना ऐकू येत नाही. तीन वर्षं झाली. मी समोर जाऊन ओरडतो ना, तेही ते ओठांवरूनच उचलतात."

वॉकीटॉकीतून पुन्हा आलं, "बोला हो व्याही."

 मी वळून बघितलं. नाना पॅनलकडे बघत नव्हते, काट्याकडेही नाही. मला वाटतं, ते त्या मांडवात उभे होते, बुंदीचं ताट घेऊन पुढं जाणाऱ्या पाठीकडे बघत. मग ते एकदम उठले, कंट्रोल रूमच्या भट्टीकडच्या मोठ्या काचेपाशी गेले आणि डोक्यावरची पांढरी टोपी काढून जोरजोरात हलवायला लागले.

"रज्जाक, काटा वाच तू," मी म्हटलं.

"वायरी?" रज्जाकनं विचारलं.

"वायरी मी धरते. जा."

खाली तात्या निळी काच डोळ्यावर धरून ज्योतीकडे बघत होते, मधूनमधून वर खिडकीकडे नजर टाकत होते. त्यांना टोपी दिसली. नानांनी दोन्ही तळहात आडवे करून पुढं धरले, पंगतीत ताटावर धरतात तसे. पुरे, पुरे.

तात्यांनी चाक फिरवलं.

"उतरतंय," रज्जाक म्हणाला. "अजून थोडं."

नानांनी पुन्हा ताटावर हात आडवा धरला. चाक फिरलं.

"बस. आता जास्तच उतरलं."

नानांनी डावीकडे वाकून पळीनं वाढल्यासारखं केलं. वाढा, थोडं वाढा. मग चिमूट दाखवली, मीठ वाढताना दाखवतात तेवढी. खाली तात्या हसले. खरंच हसले, मला तिथून दिसलं. चाक चिमूटभर फिरलं.

"थांबलं. काटा जागेवर आहे," रज्जाक म्हणाला.

मी एका हातानं वायरी मागं रेटल्या, दुसऱ्या हातानं कार्ड सरळ धरून दाबलं. या वेळी ते गुपचूप आत गेलं आणि खिट्ट्या आपोआप बसल्या. लाल दिवा लागला. नवं कार्ड जागं व्हायला वेळ घेतं, आधी स्वतःला तपासतं, मग शेजाऱ्यांशी ओळख करून घेतं. लाल, मग पिवळा. पिवळा बराच वेळ राहिला. नाना खिडकीपाशी हात पुढं धरून तसेच उभे होते, तात्या वर बघत खाली उभे. कुणीही हललं नाही. मग हिरवा लागला, आणि टिकला.

पुढची पालट त्या कार्डानंच केली.

नाना टोपी न घालताच जिना उतरले. मी मागोमाग गेले, पट्ट्याची वायर उपसली होती, पण मनगटावरचा पट्टा सोडायचंही माझ्या लक्षात राहिलं नव्हतं. त्या मशीनच्या गदारोळात नाना तात्यांच्या पुढ्यात अगदी जवळ जाऊन उभे राहिले, आणि तोंड मोठं मोठं उघडून, सावकाश म्हणाले, "मांडवातच सांगायचं ना."

तात्यांनी ते ओठांवरून वाचलं. त्यांचा चेहरा उतरला. "कळलं तुम्हाला."

"आधी का नाही सांगितलं?"

"काय सांगू? सोयरीक जमवताना लपवलं म्हणाला असता. खानदानात खोट आहे म्हणाला असता." ते खूप मोठ्यानं बोलत होते, पण तिथं ते कुणाला जाणवलं नसतं. "मला हे भट्टीनं दिलंय. आमच्यात दुसऱ्या कुणाला नाही. पण लोक मानतात का? रंजूच्या पोटात लेकरू आहे. उद्या ते जरा उशिरा बोललं, की म्हणतील, आजोबावर गेलं. माझ्या मुलीला ऐकून घ्यावं लागेल. म्हणून म्हटलं, ताठा तर ताठा. तो माझ्या एकट्याच्या माथी."

"आणि मी तिकडं पोरीला अडवून बसलोय," नाना म्हणाले. हे ते तात्यांकडे बघून बोलले नाहीत, त्यामुळं तात्यांना कळलंच नाही.

मग नानांनी इकडंतिकडं बघितलं, तोंडात अंगठा घातला आणि वरची सगळी कवळी काढून तात्यांच्या पुढं धरली. गालफडं आत गेली, बोळकं झालं.

"ही काय सोयरीक जमवताना दाखवली होती मी?" ते बोबडं बोलले.

तात्यांना ओठांवरून यातलं काय कळलं कोण जाणे, पण ते त्या कवळीकडे बघत राहिले आणि मग असे हसायला लागले, की त्यांना चाकाला धरून उभं राहावं लागलं. रज्जाक जिन्यावर डोळे पुसत होता. नानांनी कवळी धोतराच्या सोग्याला पुसून परत बसवली.

"गुरुवारी या," ते सावकाश, ओठ दाखवून म्हणाले. "मुलीला न्यायला. काही बोलू नका. नुसते दारात उभे राहा."

गुरुवारी तात्या गेले. नानांच्या ओसरीवर भाऊबंद बसलेले होते. तात्या उंबऱ्याबाहेर उभे राहिले आणि कुणी काही विचारायच्या आत मोठ्यानं म्हणाले, "मला ऐकू येत नाही. मुलीला पाठवा." हे मला रंजूनं सांगितलं. घरातही तात्या ओठांवरूनच निभावून न्यायचे, त्यामुळं तिलाही ते त्या दिवशीच कळलं.

तिला मुलगी झाली. माहेरीच झाली. पोर नऊ महिन्यांची असतानाच बोलायला लागली आणि अजून थांबलेली नाही. ती आता नाशिकला वकिली करते.

तात्यांनी कारखान्याच्या डॉक्टरकडे स्वतः जाऊन सांगितलं. भट्टीवरून त्यांना काढायची गोष्ट निघाली, तेव्हा मी खाली वॉल्वच्या शेजारीच परातीएवढा काटा बसवून घेतला. त्यानंतर वरून सांगायची कुणालाच गरज उरली नाही. तात्या उरलंसुरलं जपायला कानांवर आवाज अडवणारी जाड बोंडं लावून निवृत्तीपर्यंत तिथंच राहिले. रज्जाकनं पुढं सिन्नरच्या पेठेत टीव्ही दुरुस्तीचं दुकान काढलं. ते त्याचा मुलगा चालवतो, आणि रज्जाक दारात खुर्ची टाकून गिऱ्हाइकांना चहा पाजतो. तो कारखाना विकला गेला. नव्या मालकांनी ती भट्टी फोडली, तेव्हा मी बघायला गेले नाही. निवृत्तीनंतर मी नाशिकला भाचीजवळ राहायला आले. गुडघे सोडले तर माझं बरं चाललंय.

नानांना आणि तात्यांना निवृत्तीनंतर दुसरं कामच उरलं नाही. नाना रोज संध्याकाळी तात्यांच्या ओट्यावर जाऊन बसायचे. रंजूनं वडिलांना कानात घालायचं यंत्र आणून दिलं होतं. तात्यांना ते मुळीच आवडायचं नाही. भांडी आपटल्यासारखं ऐकू येतं म्हणायचे, दिवसभर काढून ठेवायचे. फक्त नाना यायच्या वेळी घालायचे.

दोन हजार अकरा साली नाना गेले. त्यांचं दिवसकार्य झालं, पाहुणे पांगले, तेव्हा तात्यांनी ते यंत्र पुसून, त्याच्या डबीत ठेवून रंजूच्या हातात दिलं.

"चांगलं आहे अजून," ते म्हणाले. "कुणाला उपयोगी पडलं तर बघ."